१ ऑगस्ट

दर १ ऑगस्टला सकाळी सात-साडेसातच्या सुमारास फॅमिली ग्रुपवर 'आजचा दिनविशेष' येऊन पडतो. कोणीतरी काका हे व्रत वर्षानुवर्षं चालवत असतात. सगळं एका खाली एक: कोण जन्मलं, कोण गेलं, कुठला देश स्वतंत्र झाला, कुठलं यंत्र निघालं. शाळेतही हेच असायचं. फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात सुविचार, उजव्या कोपऱ्यात दिनविशेष. दोन्ही आठवडाभर न पुसलेले.

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर हा साधा हॅश टेबल आहे. डबे ३६६, आणि त्यात हजारो वर्षांचा इतिहास कोंबायचा. मग कोलिजन होणारच. अमुक राजाचा मृत्यू आणि तमुक नटीचा जन्म एकाच डब्यात पडला म्हणजे त्यांचा काही संबंध असतो असं नाही. हे सगळं मान्य. पण काही डबे असे असतात की उघडून नीट बघावेसे वाटतात. १ ऑगस्ट हा त्यातला एक. आणि महाराष्ट्रात तर या तारखेला कोण कोणाचा फोटो भिंतीवर लावतं यावरून त्या घराबद्दल बरंच काही कळतं.

तर सुरुवात मुंबईपासून. १ ऑगस्ट १९२०, रविवार. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात मध्यरात्र उलटून साधारण चाळीस मिनिटं झाली असताना लोकमान्य टिळक गेले. वय ६४ वर्षं आणि नऊ दिवस. ताई महाराज खटल्याच्या कामासाठी ते जुलैत पुण्याहून मुंबईला आले होते, तिथेच तापाने आजारी पडले आणि त्यातून उठलेच नाहीत.

आता इथे माझ्यातला इंजिनियर जागा होतो. बारा चाळीस, पण कुठल्या घड्याळात? कारण त्या काळच्या मुंबईत दोन वेळा नांदत होत्या. सरकारने १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू केली, पण मुंबईकरांना ती मुळीच पटली नाही. महापालिकेने आपली जुनी 'मुंबई टाइम' धरून ठेवली. ही वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. आणि ही गंमत थेट १९५५ पर्यंत चालली! म्हणजे १९२० च्या मुंबईत कोणाला 'सहा वाजता भेटू' म्हटलं, तर 'कोणाचे सहा?' असं विचारण्याची सोय होती. (टाइमझोनच्या बगपायी रात्री जागवलेल्या माझ्या मित्रांनो, आपण एकटे नाही आहोत.) तर बारा चाळीस ही प्रमाणवेळ धरली तर मुंबई टाइमप्रमाणे बारा वाजून एक मिनिट होतं. मुंबई टाइम धरली तर प्रमाणवेळेप्रमाणे एक एकोणीस. दोन्ही हिशोबांनी १ ऑगस्टच. पण पहिल्या हिशोबात एका मिनिटाचाच फरक! तेवढ्यावरून शंभर वर्षांची पुण्यतिथी ३१ जुलैला गेली असती.

पंचांगाने तर दिवस सूर्योदयाला बदलतो. म्हणजे त्या हिशोबाने टिळक आदल्याच दिवशी गेले. हा मुद्दा खुद्द टिळकांना आवडला असता, कारण तारखा-तिथ्यांचा किडा त्यांच्याइतका फार थोड्या राजकारण्यांना असेल. 'ओरायन'मध्ये (१८९३) त्यांनी नक्षत्रांच्या जागांवरून वेदांचा काळ काढायचा प्रयत्न केला. त्यांच्या नावाचं टिळक पंचांग आजही पुण्यात आणि कोकणात काही घरांत पाळलं जातं. इतर पंचांगांशी त्याचा अयनांशात साधारण चार अंशांचा फरक आहे. त्यामुळे त्या घरांची संक्रांत १४ नव्हे तर १० जानेवारीच्या आसपास येते, आणि काही वर्षी अधिक महिना वेगळा पडून गणपती-दिवाळीसुद्धा महिनाभर आधी होऊन जाते. माझ्या एका मित्राच्या घरी असा प्रकार आहे. ज्या वर्षी त्यांची दिवाळी आधी येते त्या वर्षी त्याला रजा मागताना मॅनेजरला हे सगळं समजावून सांगावं लागतं. असो.

टिळकांची अंत्ययात्रा हा मुंबईच्या इतिहासातला एक प्रचंड प्रसंग. लाखो लोक, ऐन पावसाळा. दहन नेहमीच्या स्मशानात नाही, तर सरकारची खास परवानगी काढून गिरगाव चौपाटीवर. गांधीजींनी खांदा दिला, शौकत अलींनीही दिला. आज चौपाटीवर टिळकांचा पुतळा आहे ती ही जागा.

गांधीजी त्या दिवशी मुंबईत असण्याला आणखी एक कारण होतं. असहकाराच्या चळवळीला सुरुवात करायची तारीख आधीपासून ठरलेली होती, १ ऑगस्ट १९२०. देशभर हरताळ पाळायचा होता. त्याच तारखेच्या पत्राने गांधीजींनी व्हाइसरॉय चेम्सफर्डना आपलं कैसर-ए-हिंद सुवर्णपदक परत केलं. सोबत दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू आणि बोअर युद्धांतल्या सेवेची पदकंही. म्हणजे ज्या दिवशी काँग्रेसच्या एका युगाचा माणूस गेला, बरोबर त्याच दिवशी दुसरं युग सुरू झालं. एखाद्या पटकथालेखकाने हे लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, अरे जरा अती होतंय. आणि इथे योगायोगही पूर्ण योगायोग नाही. टिळक गेले म्हणून जमलेली गर्दी आणि असहकारासाठी पाळलेला हरताळ ही त्या दिवशी वेगळी काढताच येणार नाहीत अशी मिसळून गेली.

इथपर्यंतची गोष्ट माझ्या शाळेत दर वर्षी व्हायची. टिळक पुण्यतिथी, वक्तृत्व स्पर्धा, शेंगांची टरफलं. दर वर्षी किमान सात मुलं शेंगांची टरफलं सांगायची आणि परीक्षक बाई दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं हसायच्या.

दुसरी गोष्ट मला नोकरीला लागल्यावर नीट समजली, चहाच्या टपरीवर. टीममधला एक मुलगा वाळवा तालुक्यातला. मी १ ऑगस्टच्या स्पर्धेचं काहीतरी सांगत होतो. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "तुमच्याकडं १ ऑगस्टला भाषण असतंय. आमच्याकडं मिरवणूक असत्या."

मिरवणूक अण्णाभाऊ साठ्यांची. जन्म १ ऑगस्ट १९२०, वाटेगाव, तेव्हाचा सातारा जिल्हा, आता सांगली. मूळ नाव तुकाराम भाऊराव साठे. तीच तारीख, तेच साल.

जरा ढोबळ हिशोब करू. १९२१ च्या जनगणनेत अविभाजित भारताची लोकसंख्या ३१-३२ कोटी होती. जन्मदर हजारी ४५ धरला तर दिवसाला चाळीस हजारांच्या आसपास मुलं जन्मत असणार. त्या रविवारी जन्मलेल्या चाळीस हजारांतलं एक मूल मांगवाड्यात, शाळेच्या दृष्टीने जवळजवळ बिनकामाचं. शाळेत अण्णाभाऊ गेले ते दीड दिवस, असं सांगतात. पुढे वडिलांबरोबर वाटेगावहून मुंबईला आले ते चालत. होय, चालत. आपण एक्स्प्रेस-वेवर खालापूरला ट्रॅफिक लागला तर ट्विट करतो. मुंबईत मिळेल ते काम, मग गिरणी. वाचायला शिकले ते दुकानांच्या पाट्या आणि पोस्टर्स बघत. माटुंग्याच्या लेबर कँपात कम्युनिस्ट चळवळीशी संबंध आला. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची 'माझी मैना' ही छक्कड मैदानामैदानांत गाजली. 'फकिरा' १९५९ साली आली, १९६१ मध्ये तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. ती त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आहे. त्याच १९६१ साली रशियाला जाऊन आले, त्याचं प्रवासवर्णनही लिहिलं. तीसहून जास्त कादंबऱ्या, कथा, वग, पोवाडे. आणि हे सगळं करताना मुक्काम घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत. १८ जुलै १९६९ ला गेले, तेव्हा एकोणपन्नासावा वाढदिवस दोन आठवड्यांवर होता.

'फकिरा' कोणी वाचली नसेल तर जरूर वाचा. मी ती एका शनिवारी सुरू केली आणि रविवारी दुपारी संपवली, मध्ये जेवणाखेरीज फारसं काही झालं नाही. भूक आणि दुष्काळ तिच्यात आहे, पण ती रडत नाही. लढाई, घोडे, दरोडा, सगळा मामला आहे. माणूस तमाशाच्या फडात वाढला आहे आणि प्रेक्षक कधी उठून जातो हे त्याला माहीत आहे, हे पानापानावर जाणवतं.

दर वर्षी या दोघांना एका वाक्यात बांधणारे फॉरवर्ड फिरतात. 'एक सूर्य मावळला, दुसरा उगवला' या चालीवरचे. मला ते पटत नाहीत. टिळकांच्या हातातली मशाल अण्णाभाऊंनी घेतली असं म्हणणं म्हणजे मधल्या अडचणीच्या गोष्टी गुपचूप डिलीट करणं. मार्च १९१८ मध्ये मुंबईत विठ्ठल रामजी शिंद्यांनी अस्पृश्यता निवारण परिषद भरवली, सयाजीराव गायकवाड अध्यक्ष होते. टिळक तिथे जोरदार बोलले. अस्पृश्यता देवाला मान्य असेल तर तसला देव आपण मानणार नाही, या अर्थाचं बोलले. टाळ्या पडल्या. मग स्वतःच्या आचरणात अस्पृश्यता पाळणार नाही अशा जाहीरनाम्यावर सह्या घ्यायची वेळ आली, तेव्हा टिळकांनी सही केली नाही. समर्थक याचं राजकीय कारण देतात, सनातनी अनुयायांना सांभाळायचं होतं वगैरे. असेलही. पण वाटेगावच्या मांगवाड्यातून बघितलं तर कारण काहीही असो, सही नव्हती.

१९२० हे सालच मोठं अवघड आहे. ३१ जानेवारीला आंबेडकरांचं 'मूकनायक' निघालं. मार्चमध्ये माणगावची परिषद झाली, तिथे शाहू महाराजांनी आंबेडकरांना त्यांच्या समाजाचा पुढारी म्हणून लोकांसमोर उभं केलं. ऑगस्टमध्ये टिळक गेले आणि असहकार सुरू झाला. एकाच वर्षात, तीनशे-साडेतीनशे किलोमीटरच्या परिघात, स्वातंत्र्याचे दोन वेगळे अर्थ जोरात बोलायला लागले होते. शाळेच्या पुस्तकात ते दोन वेगळ्या धड्यांत येतात, त्यामुळे ते एकाच वर्षातले आहेत हे ध्यानात येत नाही.

मग या दोन १ ऑगस्टांना जोडणारं खरंच काही नाही का? आहे. दोन गोष्टी आहेत.

पहिली, गिरणी. २२ जुलै १९०८ रोजी टिळकांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवशी त्यांचा वाढदिवस. मुंबईच्या गिरणी कामगारांनी संप केला तो सहा दिवस, शिक्षेच्या एका वर्षाला एक दिवस. गोळीबार झाला, माणसं मेली. लेनिनने त्याच वर्षी या संपाची दखल घेऊन लिहिलं. भारतातल्या कामगारांना राजकीय लढ्याचं भान आलं आहे, असं त्याचं म्हणणं. म्हणजे अण्णाभाऊ ज्या गिरणगावात जाऊन शाहीर झाले, त्याच गिरणगावाने आधी टिळकांसाठी रक्त सांडलं होतं. आणि अण्णाभाऊंच्या पक्षाच्या आद्य गुरूने त्याची नोंद केली होती. 'तेल्यातांबोळ्यांचे पुढारी' हे विशेषण टिळकांना कोणी चिडवायला दिलं असेल, पण १९०८ चे ते सहा दिवस खरे आहेत.

दुसरी गोष्ट टिळकांच्या घरातलीच. त्यांचा धाकटा मुलगा श्रीधरपंत. हा आंबेडकरांचा मित्र झाला. १९२८ साली त्याने केसरीवाल्यांच्या नाकावर टिच्चून गायकवाड वाड्यात समाज समता संघाची शाखा काढली, सहभोजन घडवलं, बाबासाहेब आले. त्याच वर्षी २५ मे रोजी, घरच्या आणि कोर्टाच्या भांडणांनी पार थकून, त्याने आयुष्य संपवलं. जाण्याआधी बाबासाहेबांना पत्र लिहिलं. वक्तृत्व स्पर्धेत शेंगांच्या टरफलांच्या जोडीला कोणी एक मुलगा श्रीधरपंतांवर बोलला असता, तर बाईंना खरंच पहिल्यांदा ऐकल्यासारखं वाटलं असतं.

आता जरा देशाबाहेर डोकावू, डब्यात अजून बरंच आहे.

१ ऑगस्ट १८३४. ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी कायद्याने संपली. जमैका, त्रिनिदादला आजही या दिवशी मुक्तिदिनाची सुट्टी असते. सुमारे आठ लाख माणसं मोकळी झाली. भरपाई म्हणून सरकारने दोन कोटी पौंड दिले, ते गुलामांना नव्हे, त्यांच्या मालकांना. कायदा एकच, पण लागू व्हायच्या तारखा वेगळ्या. केप कॉलनीत चार महिने उशिरा, मॉरिशसला सहा महिने उशिरा. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखाला तर वगळूनच टाकलं होतं, भारताला १८४३ पर्यंत थांबावं लागलं. आणि उसाच्या मळ्यांत कामाला माणसं कुठून आणायची? भारतातून, करार करून. मॉरिशसला नोव्हेंबर १८३४ मध्येच 'अ‍ॅटलास' जहाजाने पहिले गिरमिटिये उतरले. पुढच्या वर्षांत त्यांत कोकणातली, साताऱ्याकडची मराठी माणसंही गेली. मॉरिशसमध्ये मराठी समाज आहे आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, त्याची सुरुवात या एका कायद्यापाशी जाते.

१ ऑगस्ट १९४४. संध्याकाळी पाच वाजता वॉर्सात पोलिश भूमिगत सैन्याने जर्मनांविरुद्ध उठाव केला. ६३ दिवस लढले. दीड ते दोन लाख नागरिक मेले, शहर जमीनदोस्त झालं. आजही वॉर्सात दर १ ऑगस्टला बरोबर पाचला भोंगे वाजतात आणि रस्त्यावरची माणसं, गाड्या, ट्रॅम, सगळं मिनिटभर जागच्या जागी थांबतं. योगायोग बघा, अ‍ॅन फ्रँकच्या डायरीतली शेवटची नोंदही याच तारखेची. ४ ऑगस्टला तिला पकडलं.

आणि याचंही टोक आपल्याकडे येतं. तेव्हा कोल्हापूरजवळ वळिवड्याला पाचेक हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती, १९४३ ते १९४८. बहुतेक बायका आणि मुलं. त्यांना घरातून उचलून सैबेरियात नेऊन टाकलं होतं ते हिटलरने नाही, स्टालिनने. तिथून इराणमार्गे ही माणसं पंचगंगेच्या काठी आली. वाटेगाव तिथून फार लांब नाही. आणि वाटेगावचा तो मुलगा त्या १ ऑगस्टला मुंबईत चोवीस वर्षांचा झाला होता आणि स्टालिनग्राडचा पोवाडा गात होता! सोव्हिएत फौजा विस्तुलाच्या पूर्वेला येऊन थांबल्या आणि वॉर्साला वेळेत मदत मिळाली नाही, त्याचं कारण काय यावर इतिहासकार अजून भांडतात. अण्णाभाऊंना दोष द्यायचा माझा हेतू नाही. हिटलर हरावा असं वाटणाऱ्या जगातल्या कोणालाही स्टालिनग्राड हे गाण्यासारखंच होतं. पण वळिवड्याच्या छावणीतल्या एखाद्या आईला तो पोवाडा कोणी भाषांतर करून सांगितला असता तर? मी या प्रश्नावर एका रविवारची अख्खी दुपार घालवली आहे.

बाकीचं पटापट. १७७४ साली याच दिवशी प्रिस्टलीने भिंग धरून पाऱ्याच्या संयुगातून ऑक्सिजन काढला. १९१३ ला अमरावतीत भगवानदादा जन्मले, गिरणी कामगाराचा मुलगा, ज्याच्या स्टेप्स पुढे अमिताभने उचलल्या. १९३३ ला मुंबईत मीनाकुमारी. १९८१ ला अमेरिकेत एमटीव्ही सुरू झालं. स्वित्झर्लंडचा राष्ट्रीय दिवसही १ ऑगस्ट, पण ज्या १२९१ च्या करारावरून तो धरलाय त्यावर फक्त 'ऑगस्टच्या सुरुवातीला' एवढंच आहे. नेमका एक तारखेचा मान सहाशे वर्षांनी दिला गेला. म्हणजे आपल्या आजोबांच्या पिढीत मास्तर शाळेत नाव घालताना बिनधास्त १ जून लिहायचे, तसंच काहीसं :-) (एका प्रोजेक्टमध्ये ग्राहकांच्या जन्मतारखांचा ग्राफ काढला होता. १ जूनला अशी उंच काडी उभी की परदेशी क्लायंटला वाटलं डेटा खराब आहे.) शिवाय आपल्या राज्यात १ ऑगस्ट हा महसूल दिन, कारण तलाठ्याचं वर्ष या दिवशी सुरू होतं.

१ ऑगस्ट २०२० ला टिळकांची स्मृतिशताब्दी आणि अण्णाभाऊंची जन्मशताब्दी एकाच शनिवारी आली, वर त्याच दिवशी बकरी ईद. आणि नेमका कोविडचा काळ. भाषण नाही, मिरवणूक नाही, ईदगाहवर नमाज नाही. वाळव्याचा मित्र तेव्हा गावीच अडकला होता, असं त्याने मागाहून सांगितलं. त्यांनी फोटो दारातल्या खुर्चीवर ठेवला आणि समोरून एकेक घर येऊन हार घालून गेलं.

पुढच्या १ ऑगस्टला मुंबईत असाल आणि सुट्टी मिळाली तर एक चक्कर सुचवतो. सकाळी सीएसएमटीला उतरा, क्रॉफर्ड मार्केटकडे चालत दहा मिनिटांत सरदारगृहाची इमारत आहे, ती बघा. तिथून चौपाटीवर पुतळ्यापाशी जाऊन या. मग परत येऊन मध्य रेल्वेची स्लो लोकल पकडा, घाटकोपर, पश्चिमेला उतरा आणि कोणालाही चिरागनगर विचारा. त्या दिवशी तर विचारायचीही गरज पडणार नाही, आवाजाच्या दिशेने गेलात की पोचाल. छत्री मात्र घ्या.